कीटकांचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष, कला)

वक्तृत्व स्पर्धेत 'आई' हा विषय निघाला, की निसर्गाचा दाखला हमखास येतो. चिमणी स्वतः उपाशी राहून पिलांना दाणा भरवते, गाय वासरासाठी पान्हा चोरून ठेवते, आणि विंचवाची मादी तर म्हणे आपले शरीरच पिलांना खाऊ घालते. टाळ्या पडतात, क्रमांक मिळतो. यातील विंचवाची गोष्ट खरी नाही. विंचवाची पिले जन्मल्यावर पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. ती तिला खात नाहीत. परंतु माझे भांडण या चुकीच्या माहितीशी नाही. या दाखल्यामागे जो तर्क दडलेला असतो, त्याच्याशी आहे. तो तर्क असा: मातेने झिजणे हा निसर्गनियम आहे, निसर्गनियम आहे म्हणून ते मंगल आहे, आणि मंगल आहे म्हणून त्याबाबत कोणी काही करायचे कारण नाही. यातील पहिले विधान पुष्कळसे खरे आहे. पुढची दोन त्यातून निघत नाहीत, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे. आणि त्यासाठी चिमणी, गाय यांना बाजूला ठेवून मी कीटकांकडे जाणार आहे. कारण हा हिशेब शास्त्रज्ञांनी जितका बारकाईने कीटकांत तपासला आहे, तितका फार थोड्या प्राण्यांत तपासला गेला असेल.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कीटकांवर लिहावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. पण अर्थशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी लायोनेल रॉबिन्स यांची १९३२ सालची व्याख्या भेटते. गरजा अनेक, साधने मर्यादित, आणि त्या साधनांचे उपयोग मात्र पर्यायी. या ओढाताणीत माणूस कसा वागतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. आपण ही व्याख्या पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. तिच्यात 'माणूस' या शब्दाच्या जागी 'माशी' हा शब्द घातला तरी ती तंतोतंत लागू पडते, हे मला वाचनालयातील काही मासिके आणि पुस्तके चाळताना कळले, तेव्हा त्या व्याख्येत पहिल्यांदा जीव आला.

याच व्याख्येतून 'पर्यायी खर्च' ही कल्पना निघते. एखादी वस्तू घेण्यासाठी दुसरी जी वस्तू सोडावी लागते, ती पहिलीची खरी किंमत. फळ्यावरच्या वक्ररेषेने मला ही कल्पना फारशी कळली नव्हती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझ्या फीचा आणि एस. टी.च्या पासाचा पर्यायी खर्च म्हणजे माझ्या ताईची दहावीनंतरची शाळा. पिशवी एक होती, वाटा दोन होत्या. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे, ते मी कोठे उभा राहून सांगतो आहे हे वाचकाला माहीत असावे, एवढाच हेतू.

जीवशास्त्रात या विचाराला गणिताचे रूप देणाऱ्या आरंभीच्या निबंधांपैकी एक निबंध एका मराठी माणसाचा आहे. पश्चिम घाटाविषयीच्या २०११ सालच्या अहवालामुळे माधव गाडगीळ हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पुण्यात जन्मलेल्या गाडगिळांनी हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम बॉसर्ट यांच्यासह १९७० साली तो निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मूळ कल्पना शेतकऱ्याला लगेच पटेल अशी आहे. सजीवाजवळ वेळ आणि शक्ती मोजकी असते. ती स्वतःच्या वाढीवर घालायची, जगण्यावर घालायची, की संततीवर घालायची? संततीवर आज जास्त खर्च केला तर उद्या जगण्याची आणि पुन्हा संतती होण्याची शक्यता घटते. काही जीव एकदाच सर्वस्व पणाला लावून प्रजनन करतात आणि मरतात, तर काही वर्षानुवर्षे थोडे थोडे करत राहतात. ही दोन्ही वागणी एकाच हिशेबातून कशी निघू शकतात, हे त्यांनी मांडले. कागदावर हा हिशेब सुंदर दिसतो. पण खऱ्याखुऱ्या शरीरात खर्चाची बाजू कोणत्या खात्यातून वळती होते? या प्रश्नाचे एक उत्तर नंतरच्या काळात मिळत गेले. त्या खात्याचे नाव रोगप्रतिकार.

कीटकांना रोग होतात हेच मुळी आपण फारसे ध्यानात घेत नाही. कारण कीटक म्हणजे रोग पसरवणारा, अशी आपली समजूत. वस्तुतः रेशीमकिड्यांच्या रोगाने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा रेशीमधंदा पार बसला होता. १८६५ साली लुई पाश्चर यांना त्याच कामासाठी दक्षिण फ्रान्समध्ये धाडण्यात आले. त्यांनी घालून दिलेली रीत अशी: मादी पतंगाने अंडी घातली की तिचे शरीर वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, आणि रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. रेशीमबीज तयार करणाऱ्या केंद्रांत आजही मादीची अशी तपासणी होते.

रोग आहे म्हणजे प्रतिकारही आहे. आपल्या रक्तात असतात तशी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, कीटकांत नसतात. पण त्यांची फौज लहान नाही. बाहेर टणक कवच. ते भेदून कोणी आत शिरले तर रक्तद्रवात फिरणाऱ्या पेशी त्याला गिळतात. शत्रू मोठा असेल तर या पेशी त्याच्याभोवती थरावर थर रचून त्याला कोंडतात. फिनॉलऑक्सिडेज नावाच्या एका विकरामुळे तेथे मेलॅनिन हे काळे द्रव्य तयार होते, आणि शत्रू त्या काळ्या वेष्टनात गुदमरतो. जखम झालेल्या अळीच्या अंगावर काळा डाग दिसतो तो याच द्रव्याचा. याशिवाय जीवाणूंना मारणारी छोटी छोटी प्रथिने रक्तद्रवात सोडली जातात. स्वीडनमध्ये हान्स बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगात अशी प्रथिने ओळखून काढली. पुढे १९९६ साली फ्रान्समध्ये ब्रुनो लमेत्र, ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीत बुरशीविरुद्धची धोक्याची घंटा कोणत्या जनुकामार्फत वाजते ते दाखवले. या कामासाठी हॉफमन यांना २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या शरीरातही त्याच घराण्यातील जनुके पहारा देतात, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले.

आता प्रश्न असा, की ही फौज फुकट पोसली जाते काय? स्वित्झर्लंडमधील मोरे आणि श्मिड-हेम्पेल या शास्त्रज्ञांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बंबलबी ही थंड प्रदेशातील गुबगुबीत, केसाळ मधमाशी. तिच्या कामकरी माश्यांना त्यांनी जिवंत जंतू टोचले नाहीत. जीवाणूंच्या आवरणातील द्रव्य किंवा अतिसूक्ष्म मणी टोचले. म्हणजे शत्रू खोटा होता, रोग कोणताच नव्हता. फक्त घंटा वाजवली गेली. आणि मग माश्यांचे अन्न तोडले. ज्यांच्या शरीरात घंटा वाजली होती, त्या इतर उपाशी माश्यांपेक्षा लवकर मेल्या. रोगाने नव्हे, लढाईच्या खर्चाने. पोटभर साखरपाणी मिळत असते तर हा खर्च त्यांनी जास्त खाऊन भरून काढला असता. या प्रयोगातील 'अन्न तोडले' हे दोन शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. लेखाचा पुढचा भार त्यांच्यावर आहे.

प्रतिकाराला किंमत आहे, तशीच प्रजननालाही आहे. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे, दोन-तीन मिलिमीटरचे चिलट. पोट भरलेली तरुण मादी दिवसाला पन्नासच्या आसपास अंडी घालू शकते. प्रत्येक अंड्यात बलक भरायचा, बलकासाठी प्रथिने घडवायची. ती घडतात कोठे? मुख्यतः मेदपिंड नावाच्या अवयवात. आणि जीवाणूंना मारणारी ती छोटी प्रथिने? तीही मुख्यतः त्याच मेदपिंडात. म्हणजे कारखाना एक, कच्चा माल एक, आणि मागण्या दोन. एकाच सुतारापाशी पाळणाही करायला दिला आणि दाराचा अडसरही, तर एक काम मागे पडणारच.

ते मागे पडते हे प्रयोगांत दिसले. शेफील्ड येथील रॉल्फ आणि शिव-ज्योती यांनी २००२ साली, साठवणीच्या पिठात वाढणाऱ्या एका काळपट भुंगेऱ्यावरील काम प्रसिद्ध केले. मीलनानंतर त्याच्या रक्तद्रवातील फिनॉलऑक्सिडेजचे कार्य घटते, असे त्यांना आढळले. आणि त्यामागे ज्युव्हेनाइल हॉर्मोन या संप्रेरकाचा हात दिसला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शॉर्ट, वुल्फनर आणि लझारो यांनी २०१२ साली फळमाशीविषयी असेच दाखवले. मीलन झालेल्या माद्यांना विशिष्ट जीवाणूची लागण केली, तर मीलन न झालेल्या माद्यांच्या मानाने त्या अधिक संख्येने मरतात. नराच्या वीर्यद्रवातील एक छोटे प्रथिन मादीच्या शरीरात ही उलथापालथ घडवते. मात्र ज्या माद्यांत जन्मतः अंडी तयारच होऊ शकत नव्हती, त्यांची प्रतिकारशक्ती मीलनानंतरही घटली नाही. म्हणजे अपराध मीलनाचा नव्हे, अंड्यांच्या कारखान्याचा.

याच्या पुढची पायरी श्वेन्के आणि लझारो यांनी २०१७ साली गाठली, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील ती सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. नराकडून आलेल्या प्रथिनामुळे मादीच्या शरीरात ज्युव्हेनाइल हॉर्मोन वाढते. ते मेदपिंडाला जणू हुकूम देते: अंड्यांचे काम वाढवा, पहाऱ्याचे काम कमी करा. हा हुकूम ऐकणारी यंत्रणा मेदपिंडात निकामी केली, तर मीलनानंतरही मादी जीवाणूंशी पूर्वीसारखीच झुंजते. यावरून काय दिसते? पिशवी रिकामी झाली म्हणून पहारा सुटला, एवढेच घडत नाही. पिशवी रिकामी होण्याची वाट न पाहता वाटणीचा हुकूम आधीच निघालेला असतो. टंचाई ही एक गोष्ट. वाटणी कोणी आणि कोणत्या नियमाने ठरवली, ही निराळी गोष्ट. आपण नेहमी पहिलीविषयी बोलतो, दुसरीविषयी गप्प बसतो.

हिशेब उलट बाजूनेही तपासला गेला. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस गँबिए या डासाच्या मादीत खोट्या शत्रूने प्रतिकाराची घंटा वाजवली, तर तिची अंडी कमी भरतात, असे इंग्लंडमधील संशोधकांनी २००२ साली दाखवले. किंमत फक्त मादीच मोजते असेही नाही. युरोपातील शेतकिड्याचा नर, आपल्या रातकिड्याचा भाऊबंद, मादीला बोलावण्यासाठी गातो. त्याच्या शरीरात प्रतिकाराची घंटा वाजली की त्याचे रोजचे गाणे कमी होते, असे २००४ साली आढळले. गाणे हेही शेवटी खर्चाचेच काम.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर विषयाचे चित्र खोटे होईल. शेली अ‍ॅडॅमो या संशोधिकेने १९९९ साली घरगुती रातकिड्याच्या माद्यांना एका जीवाणूची लागण केली. अपेक्षा अशी, की आजारी मादी अंडी कमी घालील. तिने जास्त घातली. मरण जवळ आले असेल, तर उद्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. जे आहे ते आजच वंशाच्या पदरात टाकावे, असा हा हिशेब. आमच्या वक्त्यांना ही गोष्ट मिळाली तर ते तिचे काय करतील हे मी डोळ्यांपुढे आणू शकतो. 'मरता मरताही ती माउली...' असे सुरू होईल. परंतु रातकिड्याच्या मादीने त्याग केलेला नाही. तिला वंश, कर्तव्य, मातृत्व यांपैकी काही ठाऊक नाही. ज्या माद्या अशा प्रसंगी जास्त अंडी घालत होत्या, त्यांची संतती जास्त उरली, म्हणून ती खोड टिकली. नैसर्गिक निवड या वहीत एकच आकडा मोजते: वंशज किती उरले. मादी किती दिवस जगली, कशी जगली, तिला किती सोसावे लागले, यांसाठी त्या वहीत रकानाच नाही.

असा हिशेबनीस आपण आदर्श म्हणून का स्वीकारावा? निसर्गात आहे म्हणून ते योग्य, हा न्याय लावला तर मलेरियाही योग्य ठरेल. निसर्गाकडून आपण शिकावे, पण ते कारण शिकावे. आदेश घेऊ नये.

आता त्या 'अन्न तोडले' या शब्दांकडे पुन्हा येतो. मकीन, लझारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फळमाशीच्या अनेक कुळांची तुलना केली. कोणत्या कुळात प्रतिकार चांगला आणि कोणत्या कुळात अंडी जास्त, असे दोन्ही मोजले. फळमाशीचे पौष्टिक अन्न म्हणजे यीस्ट. यीस्ट मुबलक दिले, तेव्हा प्रतिकार आणि अंडी यांत वैर दिसले नाही. यीस्ट तोकडे केले, तेव्हा मात्र ज्या कुळांचा प्रतिकार चांगला, त्यांची अंडी कमी. माशी तीच, जनुके तीच. ताट बदलले आणि वैर उघडे पडले. ज्याला आपण निसर्गनियम म्हणून हात जोडतो, त्याचा जाच किती व्हावा हे पुष्कळदा ताटावर ठरते.

एवढे सांगून झाल्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. माणूस म्हणजे माशी नव्हे. आपल्या शरीराची प्रतिकारव्यवस्था कितीतरी अधिक गुंतागुंतीची आहे. गरोदरपणात ती नुसती घटते असे म्हणणे बरोबर नाही, तिचा काही भाग आवरला जातो तर काही भाग सज्ज राहतो. तेव्हा माशीचे संप्रेरक आणि तिचे मेदपिंड उचलून बाईच्या शरीरावर चिकटवू नये. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माशीकडून उत्तर घेता येणार नाही. पण प्रश्न घेता येतो, आणि तो दुहेरी आहे: ताट किती भरलेले आहे? आणि वाटणीचा हुकूम कोणाचा आहे?

पहिला प्रश्न आपल्या आज्यांना, पणज्यांना उत्तम कळत होता. 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म' असे म्हणणाऱ्या बायकांनी प्रजननाची किंमत कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ओळखली होती. म्हणून तर सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचे नाही, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, तूप असा खुराक, शेक-शेगडी, अंगाला तेल. त्यातील सोवळेओवळे आज आपण सोडून देऊ. पण मुळातली समज पक्की होती, की शरीराने मोठा खर्च केला आहे, आता जमेची बाजू भरा. त्यागाची स्तुती करणारे भाषण आणि डिंकाचा लाडू यांत मातृत्वाचा खरा सन्मान कशात आहे, हे सांगायला नको.

पण हा सव्वा महिना सर्वांच्या वाट्याला कधीच आला नाही. माझी आई दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. आमच्या वस्तीत बाळंतीण पंधरा-वीस दिवसांत खुरपे हातात घेते, कारण खाडा झाला की रोज बुडतो आणि रोज बुडाला की चूल. लाडवांतला डिंक आणि खारीक आमच्याकडे दुकानदाराच्या बरणीत दिसते. १९६१ सालच्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, हे आम्ही वर्गात शिकलो. चांगले झाले. पण ती रजा पगार असलेल्या बाईची. जिचा मालक हंगामागणिक बदलतो आणि जिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते, तिला सव्वीस आठवडे सोडाच, सव्वीस दिवस कोण देणार?

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे, कारण तो घरातला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. पाळी आणि बाळंतपण यांमुळे स्त्रीला लोह जास्त लागते, हे खरे. फरकाचा काही भाग त्यातून येतो. पण जिला जास्त लागते तिला जास्त वाढले जाते काय? आमच्याकडे, आणि मला वाटते तुमच्यापैकी पुष्कळांकडे, बाई सर्वांत शेवटी जेवते. पातेल्यात उरेल ते खाते. येथे टंचाई आहे, पण नुसती टंचाई नाही. टंचाई असती तर सर्वांच्या ताटात सारखीच दिसली असती. येथे हुकूम आहे. माशीच्या शरीरात तो संप्रेरक देते; आमच्या घरात तो रूढी देते. आणि माशीचा हुकूम जसा पिशवी रिकामी व्हायच्या आधीच निघतो, तसाच हाही. भाकरी कमी पडणार आहे की नाही हे कळण्याआधीच कोणी शेवटी बसायचे ते ठरलेले असते. ताईची शाळा सुटली तेव्हाही बैठक झाली नाही, मत विचारले गेले नाही. सर्वांना ते आधीच ठाऊक होते. वाटणीचे माप माझ्या पदरात पडले. मी मुलगा आहे, यापलीकडे त्याचे कारण मला सापडलेले नाही.

फरक एवढाच, की माशीला आपला हुकूम बदलता येत नाही. तो बदलायला नैसर्गिक निवडीला पिढ्यान् पिढ्या लागतील. आपला हुकूम जनुकांत लिहिलेला नाही. तो आजच्या संध्याकाळच्या जेवणापासून बदलता येतो.

कोणी म्हणेल, की ताटे आधी भरा, म्हणजे वाटणीचा प्रश्न आपोआप सुटेल. यीस्ट मुबलक झाले की वैर मावळले, हे तूच सांगितलेस ना? सांगितले. पण त्याच माशीची दुसरी गोष्टही सांगितली. प्रयोगशाळेत नेहमीचे अन्न मिळणाऱ्या माद्यांतही मीलनानंतर पहारा घटलाच, कारण हुकूम जागचा हलला नव्हता. तेव्हा दोन्ही कामे करावी लागतील. रोज वाढवण्याचे आणि रीत मोडण्याचे. एकाची सबब सांगून दुसरे टाळता येणार नाही. सरकारकडे पहिल्याची मागणी करणारे आणि घरात दुसऱ्याविषयी अवाक्षर न काढणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आणि घरसुधारणेवर प्रवचन देणारे पण शेतमजूर बाईच्या रजेचा विषय निघताच खर्चाचा आकडा पुढे करणारेही कमी नाहीत.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुस्तके नव्हती. आज आपल्या हातात ती आहेत. त्यांचा उपयोग परीक्षेपुरता ठेवायचा, की ज्या हिशेबातून आपण येथवर आलो तो उघडून पाहण्यासाठी करायचा, हे आपल्याला ठरवायचे आहे. गुरुजनांना एक विनंती आहे. अर्थशास्त्राच्या तासाला पर्यायी खर्च शिकवताना बंदुका आणि लोणी यांचे जे जुने उदाहरण पुस्तकात असते, त्याच्या जोडीला फळमाशीचे हे उदाहरण द्यावे. वर्गातील कोणालाही ते परके वाटणार नाही. आणि तालुक्याच्या गावातील विज्ञान महाविद्यालयाच्या एखाद्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना वर्षातून एकदा आपल्या अर्थशास्त्र मंडळापुढे बोलवावे. दोन विषयांमधील भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

आई झिजते हे खरे आहे. ती कशातून झिजते, किती झिजते, आणि त्यातले किती टाळता आले असते, हे विचारणे म्हणजे तिचा अनादर नव्हे. माझ्या आईला मी हा लेख वाचून दाखवणार आहे. मेदपिंड आणि संप्रेरक हे शब्द तिला अवघड जातील. ताट आणि वाटणी हे शब्द मात्र तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात.